कर्ण मोजल्यावाचून क्षेत्र कळत नाही

पनवेल तालुक्यातील कोनच्या आसपासचा मुलूख भाताचा. तेथील खाचरे काटकोनी क्वचितच असतात. उताराप्रमाणे बांध वळतो आणि खाचर तिरकस होते. असे असूनही समोरासमोरील बाजूंची सरासरी काढून त्या सरासऱ्यांचा गुणाकार करण्याची रीत पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. ही रीत सोपी खरी. परंतु ती शेतकऱ्याचे नुकसान करते, म्हणून ती सोडून दिली पाहिजे.

समजा, एका खाचराच्या चारही बाजू 25 मीटर आहेत. रूढ रीतीने क्षेत्र 625 चौरस मीटर येते. खाचर काटकोनी असेल तरच हा आकडा खरा ठरतो. तेच खाचर तिरकस असून त्याचा आखूड कर्ण 14 मीटर भरला, तर खरे क्षेत्र अवघे 336 चौरस मीटर असते. अशा वेळी खंड जवळजवळ दुप्पट ठरतो. हेक्टरी 100 किलो नत्राच्या हिशेबाने जेथे 3.36 किलो नत्र पुरे, तेथे 6.25 किलो पडते. पैसा वाया जातो आणि पीक लोळण्याचा धोका वाढतो.

यावरील उपाय घरच्या घरी करता येण्याजोगा आहे. कर्णामुळे खाचराचे दोन त्रिकोण होतात. प्रत्येक त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंची बेरीज करून ती निम्मी करावी. या निम्म्या बेरजेतून प्रत्येक बाजू वेगवेगळी वजा करावी. निम्मी बेरीज आणि तिन्ही वजाबाक्या यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढावे. तेच त्रिकोणाचे क्षेत्रफळ होय. वरील खाचरात बाजू 25, 25 व 14, निम्मी बेरीज 32, वजाबाक्या 7, 7 व 18, गुणाकार 28,224, वर्गमूळ 168. दोन त्रिकोणांचे मिळून 336 चौरस मीटर, म्हणजे 3.36 आर किंवा सुमारे 3.32 गुंठे. यासाठी लंब टाकावा लागत नाही, फीत पुरते. बांध फार वळणाचा असल्यास अधिक त्रिकोण पाडावेत.

हा नियम नवा नाही. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने तो इसवी सनाच्या पहिल्या शतकात मांडला. भास्कराचार्यांच्या 1150 च्या सुमाराच्या 'लीलावती'तही तो आहे. कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे क्षेत्र विचारणाऱ्यास तर भास्कराचार्यांनी कठोर शब्दांत फटकारले आहे.

मोबाईलवर क्षेत्र दाखविणारी साधने आज आहेत; परंतु लहान खाचरात त्यांची काही मीटरांची चूकही मोठी ठरते. वर्गमूळ काढण्यास मात्र मोबाईल जरूर वापरावा. हद्दीचा वाद असल्यास भूमि अभिलेख खात्याची मोजणीच मागवावी. मात्र खत, बियाणे, मजुरी आणि खंड यांचा हिशेब शेतकऱ्याने स्वतः पडताळावा. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी लावणीपूर्वी गावात एक खाचर सर्वांसमक्ष मोजून दाखविल्यास हे काम सहज साधेल.