वैमानिकाच्या मनाचीही तपासणी हवी

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. एअर इंडियाने वैमानिक प्रशिक्षणासाठी निवडले तेही बेलोराच. अमरावती-अकोल्याची काही मुले उद्या हवाई दलाचीही वाट धरतील. म्हणून वैमानिकाच्या मनाचा विषय आता वऱ्हाडाचाही आहे.

लढाऊ वैमानिकाचे डोळे, हृदय, रक्तदाब काटेकोर तपासले जातात. झोप उडाली, मन खचले, हे मात्र तो सहसा सांगत नाही. सांगितले की उड्डाण बंद होईल, ही धास्ती. उड्डाणापूर्वी स्वतःला विचारायच्या यादीत आजार, औषध, ताण, मद्य, थकवा आणि भावना असे सहा मुद्दे असतात. शेवटच्याचे खरे उत्तर देणे सर्वांत अवघड. उदाहरणार्थ, २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमधील बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्राने हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले. नाशिकचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे त्यात शहीद झाले. सीमेवर तणाव होता. सहकाऱ्यांना शोक करायला उसंत कुठली?

मन मोकळे करायला माणूस लागतो, हे वऱ्हाडाला सांगायला नको. शेतकऱ्यांसाठी इथे समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ आला तो त्याच गरजेतून. सैन्यदलांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला, हे स्वागतार्हच. पण फोन करणाऱ्याला नोकरीची भीती नसावी. केवळ मदत मागितली म्हणून कुणाचे उड्डाण जाणार नाही, हे हवाई दलाने नियमातच लिहावे. बेलोऱ्यातही प्रशिक्षणार्थींच्या पहिल्या तुकडीपासून समुपदेशक नेमावा.