जुना नंबर हवा, नवा नको!

अमेरिकेत लष्करी भंगार विकणाऱ्यांच्या यादीत एक शब्द हमखास भाव खातो : ‘मॅचिंग नंबर्स’. रुमानियातल्या कुजीरची किंवा पोलंडमधल्या रादोमची एके जातीची रायफल फौजेतून बाद होते, तिचा रिसीव्हर, म्हणजे सगळी यंत्रणा ज्यात बसते ती पेटी, गॅसकटरने कापून निकामी करतात आणि उरलेले सुटे भाग अमेरिकेत विकायला येतात. याला तिकडे पार्ट्स किट म्हणतात. अमेरिकन कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे रिसीव्हर. बाकीचे नुसते लोखंड. ट्रनियन (बॅरल धरून ठेवणारा पोलादी ठोकळा), बोल्ट, बोल्ट कॅरिअर आणि वरचे झाकण या सगळ्यांवर कारखान्याने ठोकलेला क्रमांक एकच निघाला, तर शौकीन खुशीने जादा डॉलर मोजतो. आणि हाच माणूस, नवा रिसीव्हर घालून रायफल उभी केल्यावर ‘आता हिच्यावरही एक क्रमांक कोर’ म्हटले की बिथरतो. माझे भांडण या बिथरण्याशी आहे. पण आधी या शौकिनावर होणाऱ्या खोट्या आरोपांचा समाचार घेतला पाहिजे, कारण ते करणारे लोक मला आपल्यातला समजण्याची शक्यता फार.

पहिला आरोप असा, की हा छंद म्हणजे गुन्हेगारांचा घरगुती कारखाना. याच्या पुष्ट्यर्थ ‘घोस्ट गन’चे आकडे फेकले जातात. आकडे खरे आहेत : २०१७ साली अमेरिकन पोलिसांनी माग काढण्यासाठी केंद्राकडे पाठवलेल्या बिननंबरी बंदुका सुमारे १,६०० होत्या, २०२१ साली १९,००० च्या वर गेल्या. मात्र हा पूर आला तो मुख्यतः प्लास्टिकच्या अर्धवट सांगाड्यापासून झटपट जुळवता येणाऱ्या पिस्तुलांचा. खिशात मावणारे पिस्तूल सोडून, चाळीस वर्षांपूर्वीच्या रुमानियन रायफलीचे तुकडे विकत घेऊन, त्यांवरचे चिकट ग्रीस उकळत्या पाण्याने उतरवत, महिनोन्‌महिने गॅरेजमध्ये खपणारा दरोडेखोर मला तरी कल्पनेत उभा करता येत नाही. किट, रिसीव्हर, बॅरल, हत्यारे यांचा खर्च मांडला तर पुष्कळदा तयार रायफल स्वस्त पडते. छंद या शब्दाला शोभेल असा हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

दुसरा आरोप अधिक भावनिक : एके हे नावच पापाचे. आपल्याकडे १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्याने आणि २६/११ ने हे नाव घरोघर पोहोचवले, तेव्हा मराठी वाचकाच्या अंगावर काटा आला तर त्याला दोष देता येणार नाही. अमेरिकेतही जानेवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनच्या शाळेत पाच मुले मारली गेली ती चिनी बनावटीच्या एके जातीच्या रायफलीने. पण ती कारखान्यातून तयार आलेली, दुकानातून रीतसर विकत घेतलेली रायफल होती. तिचे खापर कापलेल्या रायफलीच्या ट्रनियनवर फोडणे हा न्याय नव्हे.

या हत्याकांडानंतर अशा तयार रायफलींची आयात बंद झाली आणि पाठोपाठ आलेल्या कायद्याने एक गमतीदार नियम जन्माला घातला. वीस भागांची एक यादी आहे. जुळवलेल्या अर्धस्वयंचलित रायफलीत त्यांतले दहापेक्षा जास्त भाग परदेशी असता कामा नयेत. यादीत ट्रिगर, हॅमर, दस्ता, मूठ येतात, इतकेच काय, मॅगझिनची खालची पट्टीही येते. म्हणजे मूठ आणि पट्टी अमेरिकेत बनली की रायफल सभ्य झाली! २००५ मध्ये किटबरोबर मूळ बॅरल येणेही बंद झाले. या नियमांनी कोणाचा जीव वाचला हे विचारले की नियमवाले हवामानाबद्दल बोलू लागतात. शौकिनांचा सरकारवरचा राग सगळाच खुळचट नाही, एवढे इथे नोंदवून पुढे जातो.

आता या छंदात मोलाचे काय आहे? एके-४७ सोव्हिएत फौजेने १९४९ मध्ये स्वीकारली तेव्हा तिचा रिसीव्हर दाबून घडवलेल्या पत्र्याचा होता. तो कारखान्याला नीट जमेना. बाद होणाऱ्या नगांचे प्रमाण इतके वाढले, की अखंड पोलादातून कोरलेल्या, जड आणि महाग रिसीव्हरकडे वळावे लागले. एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर पुन्हा भरवसा ठेवता आला तो १९५९ च्या एकेएमपासून. अख्ख्या महासत्तेला जे जमायला दहा वर्षे लागली, ते ओहायोतला निवृत्त फिटर आपल्या गॅरेजात करू बघतो, आणि पत्रा किंचित पिळला की बोल्ट का अडकतो, रिव्हेट नीट न बसता तिरके झाले की काय होते, बोल्ट आणि बॅरल यांच्यातले ‘हेडस्पेस’ नावाचे अंतर केसभर चुकले तर काडतूस तोंडावर का फुटू शकते, हे त्याच्या हाताला कळते. पुस्तकातून हे कळत नाही असे नाही, पण हाताने कळलेले विसरत नाही.

बेल्जियमच्या एफएन कारखान्यात द्युदोने सेव्ह याने घडवलेली एफएएल रायफलही घ्या. नव्वदहून अधिक देशांच्या फौजांनी ती वापरली. ब्रिटन आणि कॉमनवेल्थवाल्यांनी ती इंचात उतरवली, बाकीच्यांनी मिलिमीटरमध्ये ठेवली. म्हणून इंची मॅगझिन मेट्रिक रायफलीत बसत नाही. आपल्याकडे बंगालमधल्या इशापूरला बनलेली तिची आवृत्ती म्हणजे फौजी घरांत सर्वांना ठाऊक असलेली एसएलआर. इन्सास येईपर्यंत दोन पिढ्यांच्या जवानांनी ती खांद्यावर वागवली, आणि तिच्यात ब्रिटिश आणि बेल्जियन घाटांची सरमिसळ आहे. ही माहिती कागदावर कोरडी वाटते. ऑस्ट्रियन किटमध्ये ब्रिटिश भाग घालायला जाऊन फजिती झालेल्या माणसाला मात्र ती शीतयुद्धाच्या राजकारणाचा धडा देऊन जाते.

रुमानियन किटांपैकी काहींवर ‘जी’ हे अक्षर कोरलेले असते. ते तिथल्या देशभक्त रक्षकदलाचे. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसल्यावर चाउशेस्कूने कामगारांचे आणि नागरिकांचे हे दल उभे केले, आणि त्यांच्या हाती दिलेल्या या रायफली मुद्दाम एकेक गोळीच झाडणाऱ्या ठेवल्या. हुकूमशहाचा आपल्या जनतेवर किती विश्वास होता, ते एका अक्षरात आणि एका गाळलेल्या सुविधेत वाचता येते. असे वाचन करणारा माणूस मला इतिहासाचा विद्यार्थी वाटतो, आणि त्याच्या छंदावर सरसकट बंदी मागणाऱ्यांच्या सभेला मी जाणार नाही. (हा सगळा अमेरिकेपुरता विचार आहे. १९५९ च्या आपल्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय बंदूक घडवणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि तो तसाच राहावा.)

पण याच विद्यार्थ्याने स्वतःच्या बचावासाठी मांडलेली बाजू ऐकवत नाही. तो म्हणतो, बिननंबरी रायफल हे नागरिकाचे जुलमी सरकारविरुद्धचे शेवटचे कवच. क्रेडिट कार्डाने मागवलेले आणि कुरिअरने सही घेऊन घरपोच दिलेले हे कवच! ज्याला लपून राहायचे आहे त्याने इतक्या पावत्या मागे ठेवू नयेत. दुसरे म्हणजे त्याला नंबराचा उपयोगच दिसत नाही. त्याने १९६३ आठवावे. केनेडींवर जिच्यातून गोळ्या झाडल्या गेल्या ती इटालियन कार्कानो लष्करी भंगारातलीच रायफल होती, दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंटला टपालाने मागवलेली. टोपणनावाने ती खरेदी करणारा ऑस्वाल्डच होता हे उघड झाले ते तिच्यावरच्या सी २७६६ या क्रमांकावरून, शिकागोच्या दुकानातल्या नोंदींमार्गे. टपालाने बंदुका विकणे आणि लष्करी भंगार आयात करणे यांवर १९६८ च्या कायद्याने गदा आणली, तिच्यामागे ही रायफलही होती.

यावर उत्तर येते, की गुन्हे करणारे ‘आमच्यातले’ नव्हेत. नसतील. नोव्हेंबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रांचो तेहामा इथे ज्याने पाच जणांना ठार केले, त्याला कोर्टाने बंदूक बाळगायला मनाई केली होती. म्हणून त्याने एआर जातीच्या रायफली घरीच बनवल्या. त्यांत लष्करी भंगार नव्हते, हे मान्य. पण ज्या फटीतून तो शिरला ती फट आणि ज्या सवलतीसाठी शौकीन भांडतो ती सवलत एकच आहे : स्वतःसाठी बनवलेल्या बंदुकीवर क्रमांक नको. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सहज जुळवता येणाऱ्या किटांवरचा नियम उचलून धरला. पण तो किटे बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना बांधतो. घरी स्वतःपुरते घडवणाऱ्यावर केंद्राची सक्ती आजही नाही. कॅलिफोर्नियासारखी काही राज्येच ती करतात.

राहिली भीती नोंदणीची : नंबर आला की यादी आली, यादी आली की जप्ती आली. ही भीती केवळ उसनी आहे असे मी म्हणणार नाही. पण अमेरिकेत बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवही उघडायला १९८६ च्या कायद्यानेच मज्जाव आहे, आणि दुकानांतल्या नोंदी दुकान चालू असेपर्यंत दुकानांतच राहतात. लोखंडावरचा आकडा म्हणजे वॉशिंग्टनमध्ये उघडलेले खाते नव्हे. तो बोलू लागतो तो बंदूक चोरीला गेली किंवा प्रेताशेजारी सापडली तर. ज्याच्या घरी कधीतरी चोरी होऊ शकते, त्याने तरी त्याला नाक मुरडू नये.

खरे तर क्रमांक कोरण्याचा नियम शौकिनानेच मागून घ्यायला हवा होता. ट्रनियनवर कुजीरचा बाणाचा त्रिकोण आणि साल असते. पुढच्या पिढीतला संग्राहक ते वाचील आणि रिसीव्हरवर येऊन थांबेल, कारण तिथे काहीच नाही. कोणी वाकवला, कुठल्या गावी, कुठल्या साली? मूळ कारागिराचा ठसा शोधण्यासाठी भिंग घेऊन बसणारा माणूस स्वतःचा ठसा मात्र ठेवत नाही. आणि तो कोरा रिसीव्हर कोराच राहील असेही नाही. त्याच्या मागे मुलांनी ती रायफल परवानाधारक दुकानदाराला विकली, तर २०२२ च्या नियमानुसार त्या दुकानदाराला ती खात्यात घेताना सात दिवसांत तिच्यावर क्रमांक कोरावा लागतो, आणि त्या क्रमांकाची सुरुवात दुकानदाराच्या स्वतःच्या परवान्याच्या आकड्यांनी होते.