किंमत जोडण्यांची उतरते, आवाजाची नव्हे

बारामती/इंदापूर : मोठ्या पडद्याचा टीव्ही घरात आला, की आठवडाभरातच त्याच्या आवाजाविषयी तक्रार सुरू होते. चित्र ठसठशीत दिसते. पण संवाद नीट ऐकू येत नाहीत आणि आवाज वाढवावा तर पार्श्वसंगीत कर्कश होते. यामागचे कारण साधे आहे. टीव्ही जसजसा सपाट होत गेला, तसतशी त्यातील स्पीकरला लागणारी जागा आक्रसत गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पडदा त्यामुळे काहीसा आवाक्यात आला. आवाजाचा प्रश्न मात्र होता तेथेच आहे.

त्यावर तीन उपाय सुचवले जातात. टीव्हीखाली ठेवायचा साउंडबार, स्थानिक कारागिराकडून जुळवून घेतलेला ‘असेंबल्ड’ अ‍ॅम्प्लिफायर आणि नामांकित कंपनीचा पण वापरलेला होम थिएटर अ‍ॅम्प्लिफायर. यांतील तिसरा पर्याय सर्वांत मोहक आणि तितकाच धोक्याचा. नवा असताना ज्याची किंमत पाहून माणूस दुकानातून परतला असता, तोच अ‍ॅम्प्लिफायर दहा-पंधरा वर्षांनी साध्या साउंडबारच्या भावात मिळू शकतो. बारामती, भिगवण, वालचंदनगर वा इंदापूरच्या ग्राहकापुढे अशा वेळी प्रश्न उभा राहतो : ही वस्तू स्वस्त का मिळते आहे? खराब झाली म्हणून, की केवळ जुनी झाली म्हणून? या दोन कारणांतील फरक ओळखता आला, तर व्यवहार फायद्याचा ठरतो. अन्यथा पैसे पाण्यात जातात.

वय कशाचे मोजायचे?

होम थिएटर अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे एका पेटीत बसवलेली दोन यंत्रे असतात. एक यंत्र आवाजाचा क्षीण संकेत बलवान करून स्पीकरपर्यंत पोचवते. दुसरे यंत्र टीव्ही, डीव्हीडी वा सेट टॉप बॉक्स यांच्याकडून येणारा डिजिटल संकेत उलगडते. पहिल्याच्या तंत्रात गेल्या कित्येक वर्षांत मूलभूत बदल फारसे झालेले नाहीत. दुसरे मात्र दर चार-पाच वर्षांनी कालबाह्य होत आले आहे.

एचडीएमआय ही जोडणी २००२ मध्ये आली. टीव्हीचा आवाज त्याच तारेतून उलट अ‍ॅम्प्लिफायरकडे आणणारी ‘एआरसी’ ही सोय २००९ च्या आवृत्तीत आली. फोर-के चित्र पूर्ण वेगाने वाहून नेणारी आवृत्ती २०१३ मध्ये, तर त्यापुढची २०१७ मध्ये जाहीर झाली. डॉल्बी अ‍ॅटमॉस हे छतावरूनही आवाज ऐकवणारे तंत्र २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आणि २०१४ मध्ये घरगुती यंत्रांत पोचले. साहजिकच २००८ चा अ‍ॅम्प्लिफायर आजच्या टीव्हीपुढे निरुपयोगी वाटतो आणि मालक तो काढून टाकतो. त्याचा आवाज बिघडलेला नसतो. त्याच्या जोडण्या मागे पडलेल्या असतात.

यावरचा तोडगा मात्र स्वस्त आहे. चित्राची तार अ‍ॅम्प्लिफायरमधून नेण्याची गरजच नाही. सेट टॉप बॉक्स वा ओटीटीचे उपकरण थेट टीव्हीला जोडावे आणि टीव्हीच्या ऑप्टिकल सॉकेटमधून फक्त आवाज अ‍ॅम्प्लिफायरला द्यावा. १९९२ मध्ये चित्रपटगृहांत आलेले डॉल्बी डिजिटल आणि त्यापाठोपाठ १९९३ मध्ये आलेले डीटीएस या दोन्ही पद्धतींचा पाच अधिक एक वाहिन्यांचा आवाज ऑप्टिकल तारेतून जाऊ शकतो. त्यासाठी टीव्हीच्या ध्वनी विभागात जाऊन डिजिटल आवाज मूळ स्वरूपात बाहेर पाठवण्याची निवड करावी लागते. ती केली नाही, तर मागचे स्पीकर मुके राहतात आणि दोष विनाकारण अ‍ॅम्प्लिफायरला दिला जातो. या मार्गाने अ‍ॅटमॉस मिळत नाही, हे खरे. पण दहा बाय बाराच्या हॉलमध्ये छतावर स्पीकर बसवण्याची तयारी किती कुटुंबांची असते, याचाही विचार व्हावा.

वॅटचा भुलभुलैया

जुन्या बाजारात सर्वाधिक फसवणूक होते ती आकड्यांतून. खोक्यावर ठळक अक्षरांत हजारो वॅट ‘पीएमपीओ’ छापलेले असतात. या आकड्याला सर्वमान्य मोजमाप नाही. तो क्षणभराच्या कल्पित शक्तीचा आकडा असतो. उपयोगी असते ती सतत देता येणारी शक्ती, म्हणजे बाजाराच्या भाषेत ‘आरएमएस’ वॅट. अमेरिकेत अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती कशी मोजून जाहीर करावी, याचा नियम १९७४ मध्येच झाला आणि २०२४ मध्ये तो सुधारून अधिक काटेकोर करण्यात आला. जाहिरातीतील आकड्यांचा फुगा हा केवळ आपल्याकडचा आजार नाही, हे त्यावरून दिसते.

खरा आकडा ओळखण्याची सोपी खूण पेटीच्या मागच्या बाजूला असते. तेथील पट्टीवर यंत्र किती वॅट वीज घेते, ते लिहिलेले असते. साठ वॅट वीज घेणारी पेटी हजार वॅटचा आवाज सतत देऊ शकत नाही. दुसरी खूण वजनाची. पाच वाहिन्यांचा पारंपरिक बांधणीचा अ‍ॅम्प्लिफायर त्यातील ट्रान्सफॉर्मर आणि उष्णता वाहून नेणाऱ्या अ‍ॅल्युमिनियममुळे जड असतो. सात-आठ किलो वा त्याहून अधिक भरतो. एका हाताने सहज उचलली जाणारी पेटी मोठे आकडे सांगत असेल, तर शंका घ्यावी.

शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. शक्ती दुप्पट केल्यास आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो. कानाला तो साधारण दुप्पट वाटण्यासाठी शक्ती दहापट लागते. त्यामुळे पन्नास आणि सत्तर वॅटमधील फरकासाठी दोन-तीन हजार रुपये जास्त मोजण्यात अर्थ नाही.

असेंबल्ड अ‍ॅम्प्लिफायरविषयीही एक सावधगिरी हवी. चांगल्या कारागिराने जुळवलेले यंत्र वर्षानुवर्षे टिकते. परंतु त्यात सर्रास वापरल्या जाणाऱ्या ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टरच्या जोडीची नक्कल बाजारात मोठ्या प्रमाणावर येते. वरून ओळखू न येणारा हा नकली माल ताण आला, की जळतो आणि जाताना स्पीकरही घेऊन जातो. त्यातील दोन स्टिरिओ वाहिन्या उत्तम असल्या, तरी डॉल्बीचा संकेत उलगडण्याची सोय आत आहे की नाही, हे विचारून घेणे आवश्यक ठरते.

कानाला माहीत असलेला आवाज

आवाज पारखायचा म्हणजे त्याची तुलना कशाशी तरी करायला हवी. येथे बारामती-इंदापूरच्या श्रोत्याकडे एक मोठे भांडवल आहे. दरवर्षी आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने पंढरपूरकडे जाते. बेलवाडीत गोल रिंगण होते. टाळ आणि मृदंग लाउडस्पीकरशिवाय, प्रत्यक्ष कसे वाजतात, हे या भागातील लहान मुलालाही ठाऊक असते. टाळाचा नाद चरचरत न येता स्वच्छ उमटून हळूहळू विरायला हवा. मृदंगाची थाप घुमून पसरू नये, ती जिथल्या तिथे थांबावी. एखादे चांगले ध्वनिमुद्रित भजन लावून ही परीक्षा कोणालाही करता येते.

दुसरी परीक्षा माणसाच्या आवाजाची. ओळखीच्या गायकाचा वा निवेदकाचा आवाज नाकातून, डब्यातून वा पडद्यामागून आल्यासारखा वाटत असेल, तर पुढील परीक्षेची गरज नाही. तिसरी परीक्षा अनेक वाद्यांची. उजनीच्या पलीकडच्या करमाळा तालुक्यात चित्रित झालेल्या ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजलिसमध्ये सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. ते संगीत जवळपास प्रत्येकाच्या कानात आहे. व्हायोलिनचा समूह, तालवाद्ये आणि गायन वेगवेगळे ऐकू येतात की सगळ्यांचा एक गोळा होतो, हे त्यावरून पटकन कळते.

या परीक्षा करताना बास आणि ट्रेबल मध्यावर ठेवावेत, कृत्रिम घुमारा देणाऱ्या सर्व सोयी बंद कराव्यात आणि आवाज लहान ठेवावा. दोन यंत्रांची तुलना करताना किंचित मोठा वाजणारा संच कानाला नेहमीच चांगला वाटतो. विक्रेते याचा फायदा घेतात. गणेशोत्सवातील आणि वरातीतील डीजेच्या भिंतींमुळे छातीत धडकणारा आवाज म्हणजे दमदार आवाज, असा समज रूढ झाला आहे. घरात त्याचा उपयोग नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहानंतर कुजबुजीतला संवाद शेजाऱ्याला त्रास न देता स्पष्ट ऐकू येणे, हीच घरच्या अ‍ॅम्प्लिफायरची खरी कसोटी होय.

खोलीचाही वाटा मोठा असतो. फरशी, सिमेंटच्या भिंती आणि स्लॅब यांमुळे आवाज आपटून परत येतो. सतरंजी, पडदे आणि पुस्तकांचे कपाट यांनी होणारी सुधारणा काही वेळा नव्या यंत्रानेही होत नाही.

झिजते ते काय?

अ‍ॅम्प्लिफायर अमर नाही. त्यात सर्वप्रथम थकतात ते कपॅसिटर. तापमान दहा अंशांनी वाढले, की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. इंदापूरच्या उन्हाळ्यात, बंद शोकेसमध्ये, वर सेट टॉप बॉक्स ठेवून वापरलेल्या यंत्राचे वय कागदावरच्या वर्षांपेक्षा जास्त धरावे. गाणे न लावता आवाज निम्म्यापर्यंत वाढवून कान स्पीकरजवळ नेला असता घूं असा स्पष्ट गुणगुणाट आला, तर दोष वीजपुरवठ्याच्या भागात किंवा घराच्या अर्थिंगमध्ये असू शकतो. केबल वा डिशची तार काढल्यावर गुणगुणाट थांबला, तर यंत्र निर्दोष आहे.

यंत्र सुरू केल्यावर काही सेकंदांनी आतून ‘टक्’ असा आवाज यावा. ते संरक्षक रिलेचे काम असते. लहान आवाजात एखादा स्पीकर मधूनच बंद पडून आवाज वाढवल्यावर परत येत असेल, तर रिलेचे टोक काळवंडले आहे. हा दोष स्वस्तात दुरुस्त होतो. एचडीएमआयचा छापील बोर्ड गेला असेल, तर मात्र खर्च यंत्राच्या किमतीएवढा होऊ शकतो. स्पीकर काढून जोडणीच्या टोकांवर मल्टिमीटर लावावा. डीसी विजेचा आकडा पन्नास मिलिव्होल्टच्या आत असल्यास निर्धास्त राहावे. झाकण उघडण्यास विक्रेता तयार असेल, तर धूळ, झुरळे आणि जळाल्याच्या खुणा पाहाव्यात.

परदेशातून आलेल्या वस्तूंत मागची पट्टी विशेष पाहावी. जपानमधील यंत्रे १०० आणि अमेरिकेतील १२० व्होल्टची असतात; ती आपल्या २३० व्होल्टवर थेट लावल्यास क्षणात जळतात. दाब सतत कमी-जास्त होणाऱ्या वाड्या-वस्त्यांवर स्टॅबिलायझरचा खर्च आधीच हिशेबात धरावा. पूर्ण संच विकत घेताना स्पीकरच्या पिना नेहमीच्या आहेत का, तेही बघावे. काही कंपन्यांचे संच आपल्याच खास पिनांनी जोडले जात. त्यातला एक भाग गेला, की बाकीचे भंगारात जातात.

पावती आणि दुरुस्ती

बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर, इंदापूरहून त्याहून दूर. तापकीर गल्लीत वा जुन्या बाजारात घेतलेली वस्तू घरी येऊन बंद पडली, तर परत नेण्याचा खर्च आणि एक दिवसाची रजा हीदेखील किंमतच आहे. समजा, सात हजारांना अ‍ॅम्प्लिफायर घेतला. तारा, दुरुस्ती आणि प्रवास यांसाठी आणखी दोन-तीन हजार बाजूला ठेवता येत नसतील, तर तो सौदा स्वस्त नाही. दुकानातून पावती घेऊन केलेल्या खरेदीत ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा आधार मागता येतो. अनोळखी व्यक्तीला रोख देऊन केलेल्या व्यवहारात तो मिळणे अवघड असते. चालू स्थितीत ऐकल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

सुट्या भागांचा प्रश्न त्याहून बिकट होत आहे. ऑन्क्यो या जपानी कंपनीने २०२२ मध्ये दिवाळखोरी पत्करली. डेनॉन आणि मॅरँट्झ या नाममुद्रांची मालकी २०२२ ते २०२५ या काळात दोनदा बदलली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. परंतु पंधरा वर्षांपूर्वीच्या यंत्राला आधार असतो तो गावातल्या कारागिराचाच. रेडिओ आणि जुने टीव्ही दुरुस्त करणाऱ्या पिढीला अ‍ॅम्प्लिफायरचा शक्तीचा भाग समजतो, कारण त्याचे तंत्र बदललेले नाही. त्यांच्या टेबलावर आता मोबाइल आले आहेत आणि हाताखाली नवा मुलगा ही कला शिकण्यासाठी क्वचितच येतो.

म्हणूनच खरेदीपूर्वी विचारायचा पहिला प्रश्न ‘किती वॅट’ हा नसून, ‘बिघडल्यास कोण उघडणार’ हा असायला हवा. त्याचे उत्तर बारामती वा इंदापुरातच मिळत असेल, मागची पट्टी खरी असेल आणि टाळ टाळासारखा वाजत असेल, तर जुन्या जोडण्यांपायी स्वस्त झालेले हे यंत्र कुटुंबाला आणखी अनेक वर्षे साथ देईल. उत्तर मिळत नसेल, तर साधा नवा साउंडबार वॉरंटीसह घेण्यात शहाणपणा आहे.