डावा कोपरा कोणाचा?

संघ निवडणे हा मोठा सोपा उद्योग आहे. मात्र तो आपल्यावर सोपवलेला नसला पाहिजे. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चहाचे कप खाली ठेवीपर्यंत क्रिकेटचा एक संघ निवडून होतो आणि कप विसळीपर्यंत तो मोडूनही होतो. परंतु या निवडीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. वाद होतो तो धावा काढणाऱ्यांवर, गोल करणाऱ्यांवर आणि कबड्डीत म्हणाल तर चढाई करणाऱ्यांवर. बचाव करणारा आपल्याला आठवतो तो त्याच्या हातून कोणी निसटला म्हणजे. घरातल्या गृहिणीचेही असेच असते. आमटी बिघडली, की मगच ती कोणी केली याची चौकशी होते! म्हणून यंदा फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे बचावाचाच एक वाद ठेवावा, असे मनात आहे.

ज्यांचा कबड्डीशी संबंध शाळेतल्या हुतूतूपाशीच संपला, त्यांच्यासाठी आधी थोडे सांगितले पाहिजे. १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असे हे पुरुषांचे मैदान. त्याच्या अर्ध्या भागात बचावाचे सात गडी उभे राहतात आणि समोरून एकच चढाईपटू ३० सेकंदांसाठी आत येतो. दोन टोकांना जे उभे असतात ते डावा कोपरा आणि उजवा कोपरा. त्यांचे काम पाय धरण्याचे. घोटा धरा की मांडी धरा. आतल्या बाजूला मध्यरक्षक. त्यांचे काम वाट अडवण्याचे, धक्का देऊन बाहेर लोटण्याचे. पकड यशस्वी झाली, की गुण एकाच्या नावावर मांडला जातो. पण कोपऱ्याने पाय धरला आणि शेजारचा वेळेवर धावला नाही, तर काय होते? चढाईपटू फरफटत जाऊन मध्यरेषेला बोट टेकवतो आणि धरणारा स्वतःच बाद होतो. पकड दोघांची किंवा तिघांची, नाव मात्र एकाचे, असा हा हिशेब आहे. वादाचे मूळही तिथेच आहे.

आता पुणेरी पलटणीची गोष्ट पाहा. प्रो कबड्डी लीगच्या २०२२ च्या मोसमासाठी पुण्याने इराणचा फझल अत्राचली याला १ कोटी ३८ लाख रुपयांना घेतले. डाव्या कोपऱ्यातला हा गडी म्हणजे पोलादी सांडशी! २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत इराणने उपांत्य फेरीत भारताला २७-१८ असे हरवले, त्या इराणी संघात तो होता. त्याच्या नेतृत्वाखाली पुणे अंतिम सामन्यापर्यंत गेले, पण १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूरकडून ३३-२९ असे हरले.

पुढच्या मोसमाआधी पुण्याने फझलला मोकळे केले आणि ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात त्याच्याच देशाचा, त्याच्याच कोपऱ्यात खेळणारा तरुण गडी मोहम्मदरेझा शादलुई याला घेतले. किंमत २ कोटी ३५ लाख. सबंध संघावर ५ कोटींच्या वर खर्च करता येत नाही असा नियम असताना एका कोपऱ्यावर जवळजवळ निम्मी थैली रिकामी केली. शहाणी माणसे हसली. पण १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पुण्याने हरयाणाला २८-२५ असे हरवून विजेतेपद पटकावले, आणि त्या मोसमात पकडीचे सर्वांत जास्त गुण शादलुईच्याच नावावर होते. मग हसणारी माणसे म्हणाली, आम्ही म्हणतच होतो!

त्यानंतर पुण्याने शादलुईलाही सोडले. हरयाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना उचलले, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्याच्याच बालेवाडीत पाटण्याला ३२-२३ असे हरवून हरयाणा विजेते झाले. त्या वेळी पुणे बाद फेरीतदेखील नव्हते. आणि २०२५ मध्ये? दोघांपैकी एकही कोपरा जवळ नसताना पुणे साखळीत दिल्लीच्या बरोबरीने वर राहिले. बाद फेरीत दिल्लीशी पहिली गाठ पडली ती बरोबरीत सुटून पाच-पाच चढायांवर गेली, आणि तेथे दिल्ली जिंकली. पुणे दुसऱ्या वाटेने पुन्हा अंतिम सामन्यात आले. ३१ ऑक्टोबरला दिल्लीने त्यांना ३१-२८ असे हरवले. शेवटच्या क्षणी पुण्याच्या आदित्य शिंदेला पकडून सामना संपवला कोणी, तर दिल्लीकडून खेळणाऱ्या फझल अत्राचलीने!

एखाद्या कादंबरीकाराने असे कथानक रचले असते, तर आम्ही परीक्षकांनी त्याला 'योगायोगाचा अतिरेक' म्हणून गुण कापले असते.

या कथानकावर मी जो वाद ऐकला, तो मात्र पुण्यात नव्हे, कुणकेश्वरास. देवगड तालुक्यातले हे गाव माझ्या बहिणीचे सासर. समुद्राला लागून कुणकेश्वराचे देऊळ आहे आणि महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. यंदा यात्रेसाठी गेलो होतो. घर पाहुण्यांनी भरलेले होते. रात्री जेवणे झाल्यावर आम्ही पुरुषमंडळी खळ्यात बसलो. भावोजी एका मंडळाच्या कबड्डी संघाचे काम पाहतात. माझा भाचा त्या संघात डावा मध्यरक्षक. जवळच्या एका गावात स्पर्धा चालू होती आणि यांचा संघ उपांत्य फेरीत पोहोचला होता.

भावोजी म्हणाले, "भाऊ, तुम्हीच सांगा. पुण्याने फझलला सोडला ही चूक की नाही? अनुभवी माणूस असा सोडतात? शेवटी त्यानेच घात केला!"

भाचा उसळून म्हणाला, "बाबानू, २०२२ त फझल आपल्याकडेच होतो ना? मगे आपण कित्याक हरलव?"

"तेव्हा चढाईत कमी पडलो."

"मगे २०२४ त जिंकलव ता फकस्त शादलुईमुळे? फायनलीत सगळ्यांत जास्त गुण कोणी घेतल्यान? पंकज मोहितेन! तो चढाई करता."

वाद असा रंगला. पण बसल्याबसल्या माझ्या ध्यानात येऊ लागले, की हा वाद पुण्याचा नव्हेच. पायरीवर भाच्याच्याच वयाचा एक मुलगा बसला होता. पहाटे वडिलांबरोबर होडीवर जाणारा, काळासावळा, रुंद मनगटांचा. तो या संघाचा डावा कोपरा. उपांत्य सामन्यासाठी बाहेरून एक नामांकित कोपरा आणावा, असे मंडळात घाटत होते. त्याच्या येण्याजाण्याचे आणि मानधनाचे पैसेही जमले होते. तो आला, की या मुलाने राखीव म्हणून कडेला बसायचे. सकाळपर्यंत निर्णय व्हायचा होता. त्याचे नाव कोणीच घेत नव्हते; सगळे जण फझलबद्दलच बोलत होते. तो मुलगाही मान खाली घालून फझलबद्दलचेच ऐकत होता.

भाच्याचे भांडण मग मला उमगले. गेली चार-पाच वर्षे या दोघांनी ओहोटीच्या ओल्या वाळूत एकमेकांच्या हातात हात गुंफून साखळी धरली आहे. एकाने पाय टाकला, की दुसऱ्याचा खांदा न सांगता वळतो. भावोजींचेही चुकीचे नव्हते. गावाची वर्गणी त्यांच्या हातात, हरले तर बोल त्यांना. आणि तो बाहेरचा गडी खरोखरच चांगला होता.

बहिणीचे सासरे आबा इतका वेळ झोपाळ्यावर गप्प होते. तरुणपणी त्यांनी हुतूतूची मैदाने गाजवलेली. त्यांनी एकच विचारले, "तो पाय धरतलो, खरां. पण तेच्या पाठोपाठ कोण येतलो?"

भावोजी म्हणाले, "हाच की!" आणि भाच्याकडे बोट दाखवले.

"दोघांची तालीम किती?"

तालीम कसली? तो गडी सामन्याच्या तासभर आधी येणार होता.

"हात हाताक गावाक होयो," आबा म्हणाले आणि झोपायला उठले.

दुसऱ्या दिवशी जुनाच संघ उतरला. वाचकांना वाटेल, तो जिंकला असेल. नाही, दोन गुणांनी हरला. शेवटच्या मिनिटांत त्या मुलाने धरलेला घोटा सुटला. भाचा वेळेवर पोहोचला होता, तरीही सुटला. परतताना गाडीत कोणी बोलले नाही. भावोजींनी "मी म्हणत होतो" हे तीन शब्द तोंडावाटे काढले नाहीत, याचे मला फार कौतुक वाटले. आमच्या स्टाफरूममध्ये हे कोणालाही जमले नसते.

पण मग आबांचा प्रश्न चुकीचा ठरला काय? मला तसे वाटत नाही. निकालावरून निवड तपासायची म्हटले, तर पुण्याचा एकच निर्णय २०२४ च्या मार्चमध्ये शहाणपणाचा ठरतो आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये वेडेपणाचा. फझलला सोडले म्हणून शादलुई आला, शादलुई आला म्हणून विजेतेपद आले. आणि फझलला सोडले म्हणूनच तीन गुणांनी ते एकदा गेलेही. दोन्ही खरे. निवड करणाऱ्याला उद्याचे वर्तमानपत्र आज वाचायला मिळत नसते. तेव्हा त्याला विचारायचे ते हे, की निवडताना तू नुसते नाव पाहिलेस, की त्या नावाच्या शेजारी कोण उभा राहणार हेही पाहिलेस? मोठा कोपरा आणू नये असे नव्हे. शादलुई मोसमाच्या आरंभापासून पुण्याच्या गड्यांत मिसळला, त्यांच्या हातांची त्याला सवय झाली. मग त्याची किंमत वसूल झाली. तासभर आधी येणाऱ्या गड्याची किंमत तशी वसूल होत नाही, मग तो कितीही नामांकित असो.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तो होडीवाला मुलगा हरला, पण मैदानात उतरून हरला. कडेला बसून संघ जिंकताना पाहणे आणि आत उभे राहून हरणे, यांत विसाव्या वर्षी कोणते बरे, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. चार दिवसांनी मी निघालो तेव्हा ओहोटीची वेळ होती. ते दोघे वाळूत पुन्हा साखळी धरून उभे होते, आणि भावोजी स्वतः चढाई करीत होते!

वाचकहो, पुढच्या मोसमात दूरदर्शनसंचासमोर सहकुटुंब बसाल, तेव्हा पकडीचा गुण कोणाच्या नावावर मांडला हे निवेदक सांगेलच. त्याच्या शेजारी कोण होता, तेवढे मात्र आपले आपण पाहून ठेवावे.