आधी ठिणगी पाहावी
जबलपूरच्या वाहन निर्माणीत बनलेला जुना निसान एकटनी ट्रक पेट्रोलवर चालणारा. डिझेलप्रमाणे नुसत्या दाबाने त्याचे इंधन पेटत नाही, ठिणगी लागतेच. देडतलाईच्या पावसात असा ट्रक अडला, की एखादा मिस्त्री प्रथम महागडी कॉइलच बदलावयास सांगतो. वाचकहो, घाई करू नये. एक प्लग काढून तारेस जोडावा, इंजिनाच्या उघड्या लोखंडास टेकवून सेल्फ मारावा. तार हाती धरू नये. जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे, हे सांगणे नलगे! निळी, कडक ठिणगी पडल्यास दोष बहुधा पेट्रोलच्या वाटेत. पिवळी, मलूल पडल्यास डिस्ट्रिब्यूटरचे झाकण आतून कोरडे पुसावे, पॉइंट पाहावेत. साफ करूनही ते वारंवार जळत असतील, तर संशय कंडेन्सरवर. तो स्वस्तात मिळतो. गाडी तापल्यावर ठिणगी जाऊन निवल्यावर परतत असेल, तेव्हा कॉइलकडे वळावे.