मशीन फुकट, माहिती महाग

2016च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला जिल्हा रुग्णालयात डायलिसिस मोफत मिळावं, ही सोय उत्तमच. पण दादरा-नगर हवेलीत किलवणीच्या पाड्यावरून सिल्वासाला येणाऱ्या वारली पेशंटला मशीनला जोडलं आणि आपलं काम संपलं. पुढं त्याचा त्रास वाढला की आपण मोकळे: ‘ही लोकं ऐकतच नाहीत!’ अहो, त्याच्या बोलीत त्याला सांगितलं कुणी?

सांगतो काय, तर ‘पोटॅशियम कमी, फॉस्फरस कमी, पाणी मोजून.’ आहाराच्या तक्त्यावर सफरचंद आणि टोस्ट. त्याच्या घरात नागलीची भाकरी, उडदाची डाळ, सुकट. सुकटीतल्या मिठानं तहान भडकते, प्यायलेलं पाणी लघवीवाटे जात नाही, अंगात साठतं, वजन चढतं आणि रात्री आडवं पडलं की दम लागतो. ही साखळी कळली तर माणूस आधी मिठाला आवर घालील. नुसतं ‘पाणी कमी प्या’ म्हटल्यानं तहान थोडीच जाते?

भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकलं, तर बरंचसं पोटॅशियम निघून जातं. पण जिथं तेच पाणी कालवण म्हणून भातावर ओततात, तिथं हे चुलीपुढच्या बाईला दाखवायला हवं. तक्त्याचा कागद मात्र नवऱ्याच्या खिशात. आणि कमरख? किडनी निकामी झालेल्याला ते फळ जीवघेणं ठरू शकतं. उचक्या लागतात, भ्रम होतो. झाडाखाली फुकट मिळणारं फळ तक्ता छापणाऱ्याला सुचणार कसं!

भाताच्या आवणीच्या दिवसांत डायलिसिसची एखादी पाळी चुकणार. चुकल्यावर ओरडायला सगळे हजर. अशा वेळी केळं, शहाळं, सुकट वर्ज्य, आणि दम लागला तर सकाळची वाट न बघता निघायचं, हे आधी सांगायला कुणी नसतं. फिस्टुला म्हणजे डायलिसिससाठी हातात शस्त्रक्रियेनं जोडलेली रक्तवाहिनी; त्या हातानं हंडा उचलू नये. तिथली थरथर रोज बोटांनी चाचपावी, थांबली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. याला अक्षरओळख लागत नाही.

वेळ नाही म्हणता? आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास हा माणूस तुमच्यासमोर खाटेवर असतो. इतका हाताशी असलेला विद्यार्थी जोतीराव फुल्यांनाही मिळाला नसेल. वारली, कोकणा, ढोडिया बोलणारी एखादी शिकलेली पोर या कामाला पगारी नेमायची म्हटली, की मशीनला लाखो मोजणारे हात आखडतात.