संदर्भसूची उचलण्याआधी

पावसच्या स्वामी स्वरूपानंदांची (१९०३–१९७४) ‘अभंग ज्ञानेश्वरी’ अभ्यासायला घेतली की गीता, ज्ञानेश्वरी आणि अभंग असे तीन ग्रंथ शेजारी उघडून बसावे लागते. तेराव्या अध्यायाशी अनेकांची गाडी अडते. गीतेच्या काही प्रतींत तिथे आरंभी अर्जुनाचा प्रश्न श्लोक म्हणून मोजतात, काहींत तो श्लोकच नाही. एवढ्यावरून सबंध अध्यायाचे क्रमांक एकाने सरकतात.

बायबलच्या अनुवादकांना हे दुखणे कितीतरी मोठ्या प्रमाणावर सोसावे लागते. अनुवाद हातावेगळा होत आला की समासातले संदर्भ कुठून आणायचे, हा प्रश्न उभा राहतो आणि हाताशी असलेली यादी सरळ उचलली जाते. हक्कमुक्त आणि भरगच्च म्हणून ‘ट्रेझरी ऑफ स्क्रिप्चर नॉलेज’ बहुतेकांना आठवते. एकोणिसाव्या शतकातल्या या ग्रंथात पाच लाखांच्या आसपास संदर्भ आहेत. मात्र त्यांचे क्रमांक किंग जेम्स या इंग्रजी बायबलचे. हिब्रू पाठात स्तोत्राचे शीर्षकही बहुधा वचनांत मोजले जाते. रोमकरांस पत्रात (३:४) पौलाने ५१व्या स्तोत्रातले जे वचन घेतले आहे, ते आपल्या मराठी बायबलमध्ये चौथे, हिब्रूत सहावे. जुन्या ग्रीक भाषांतरात तर ते स्तोत्रच ५०वे. पेत्राने पेन्टेकॉस्टच्या दिवशी सांगितलेला योएलचा उतारा आपल्याकडे २:२८ पासून, हिब्रूत ३:१ पासून. ज्या अनुवादाचे क्रमांक हिब्रू किंवा ग्रीक पाठाप्रमाणे आहेत, त्याला क्रमांक न जुळवता ही यादी चिकटवली तर वाचक भलत्याच वचनावर जाऊन पोचतो. असे दोनचारदा झाले की तो समासाकडे बघणेच सोडतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

शिवाय या यादीतले कित्येक दुवे केवळ इंग्रजी शब्द सारखा आहे म्हणून जुळलेले आहेत. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून अनुवाद केला. त्या वाटेने जाणाऱ्याला असे दुवे मराठीत टिकतात का, हे दोन्ही वचने उघडून पाहावेच लागेल. आमचे मत स्पष्ट आहे: नव्या करारातली जुन्या करारातून घेतलेली वचने आधी, मग शुभवर्तमानांतले समांतर उतारे, मग राजे आणि इतिहास या पुस्तकांतले. विषयसाम्याचे दुवे शेवटी, तेही मोजके. तपासलेले पाचशे संदर्भ न तपासलेल्या पाच लाखांपेक्षा वाचकाच्या जास्त उपयोगाचे.

ज्यांनी मराठी, कोकणी किंवा आदिवासी बोलींतल्या अनुवादांसाठी क्रमांकांचे तक्ते जुळवून ठेवले आहेत, त्यांनी ते कपाटात ठेवू नयेत. आमच्याकडे पाठवावेत; तपासून, नावानिशी छापू.